कावळे नसलेलं बंदर

व्हिसाच्या फॉर्मवर प्रवासाचं कारण विचारलं होतं. पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, इतर असे चार चौकोन होते. ‘इतर’वर खूण केली असती तर खाली दोन ओळींत खुलासा लिहावा लागला असता. धाकट्या भावाच्या पिंडाला कावळा शिवला नाही, तो शिवेपर्यंत थांबायला येतोय, हे कुठल्याही वकिलातीला दोन ओळींत कसं समजावणार? मी ‘पर्यटन’वर खूण केली आणि परतीच्या तिकिटाची प्रत जोडली.

बंदराचं नाव ग्वायाकील. दक्षिण अमेरिकेत, इक्वाडोर देशात, विषुववृत्ताच्या थोडं खाली. दोहात राहणाऱ्या माणसाला ह्या देशाचं नाव नकाशात शोधावं लागत नाही, ते बाजारातल्या केळ्यांवर चिकटवलेलं असतं. आमच्या घरी केळी आली की माझी बायको आधी बेसिनपाशी उभी राहून एकेक स्टिकर नखानं काढून टाकते. आईला चतुर्थीला केळं लागतं. तिच्या डोळ्यांना आता ती अक्षरं दिसण्यासारखी नाहीत, तरी बायको स्टिकर काढते, आणि राहू दे असं मीही कधी म्हटलेलं नाही.

भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. सहा वर्षांपूर्वी त्याचं जहाज केळी भरायला त्या बंदरात गेलं. शहराच्या खालच्या अंगाला, नदीच्या रुंद मुखात नांगर टाकून उभं असताना तो बाजूच्या शिडीवरून पडला. सकाळची वेळ होती. चार माणसं बघत होती, दोर टाकले, बोट उतरवली. पण ओहोटीची ओढ होती आणि पाणी गढूळ. तो सापडला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

नाशिकला आम्ही सगळं यथासांग केलं. देह नव्हता म्हणून गुरुजींनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला गोदावरीवर पिंड मांडला. तिथले कावळे म्हणजे सराईत मंडळी, रोज दहा घरचं जेवणारी. शेजारच्या पिंडांना ते ठेवल्या ठेवल्या शिवत होते. आमच्याकडे एक आला, दोन हातांवर बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. मग जे प्रत्येक घरात होतं ते सुरू झालं. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर ती पुरी करू, असं एकेकानं मोठ्यानं सांगायचं. मामा म्हणाले, तुझ्या आईला काही कमी पडू देणार नाही. आई म्हणाली, तुझ्या वस्तू जपून ठेवीन. मी म्हणालो, आईला माझ्याकडे नेतो, तू काळजी करू नकोस. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, झालं. आई उठली नाही. तिला धरून उठवावं लागलं.

काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. तिथं घाटावर, पहिला कावळा उडाला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही.

अपघाताच्या तीन महिने आधी तो दोहात माझ्याकडे नऊ दिवस राहून गेला होता. पुढं जहाज पकडायचं होतं, मध्ये सुट्टी उरली होती. फरीज बिन ओमरानमधला आमचा फ्लॅट लहान. छोटी खोली मी ऑफिसच्या कामाला घेतली होती, ती त्याला दिली आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. प्लांटचं शटडाउन तोंडावर आलेलं, दिवसाला सहा मीटिंगा, आणि तेव्हा आठ वर्षांची असलेली माझी मुलगी टेबलाखाली बसून काकाशी खिदळणार. तिसऱ्या दिवशी मी चिडायला लागलो, सहाव्या दिवशी बायकोवर ओरडलो. तो ते ऐकून बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

शुक्रवारी आम्ही समैस्माला गेलो. तिथला समुद्र उथळ, लांबवर चालत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. बायको नि मुलगी पुढं गेल्या. तो वाळूवरच थांबला. पाणी घोट्याला लागलं तसा दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, ‘‘दादा, मला हल्ली पाण्याची भीती वाटते. डेकवर गेलं की पाय लटपटतात. ह्या वेळी नाही गेलो तर? तुझ्याकडे राहतो थोडे दिवस, इथंच काहीतरी बघतो.’’

मी हसलो. खलाशी आणि पाण्याला भितो होय, असं म्हणालो. मग हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये वगैरे मोठ्या भावानं सांगायचं ते सगळं सांगितलं. आधी कॉन्ट्रॅक्ट पुरं कर, मग बघू, इन्शाल्ला. त्यानं मान हलवली आणि पँटचा दुमडलेला पाय खाली केला. त्याच्या भल्यासाठी बोललो, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खोटं आहे. मला माझी खोली परत हवी होती.

खोली मिळाली. फक्त ती माझी राहिली नाही. नऊ दिवस राहिलेल्या माणसाच्या नावानं ती सहा वर्षं ओळखली जाते, ‘काकाची खोली’. मी तिथं कामाला बसतो तेव्हा पाठीमागे स्लिपर फरफटत नेल्याचा आवाज येतो. तो तसा चालायचा, टाचा न उचलता. मी वळून बघत नाही, कारण वळलं की आवाज थांबतो आणि मग फार वेळ काम सुचत नाही. आमची लिफ्टही तेच करते. भरदुपारी येऊन आमच्या मजल्यावर थांबते, दार उघडतं, आत कुणी नसतं. तो मुलीशी शर्यत लावायचा, तिला लिफ्टमध्ये घालून आपण जिन्यानं पळत वर यायचा आणि दारात धापा टाकत उभा राहायचा. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस, सेन्सर बिघडला की लिफ्ट अशी वागते हे मला ठाऊक आहे. मेंटेनन्सवाल्यानं दोनदा सेन्सर बदलला. ती अजून येते, आणि मी दाराकडे बघत राहतो.

आईला दोहात आणल्यावर तिनं बाल्कनीत रोज घास ठेवायला सुरुवात केली. साळुंक्या येतात, कबुतरं तर न बोलावता येतात. कावळा आमच्या गल्लीत मी पाहिलेला नाही. ‘‘त्याला कशाची ओढ लागलीये कोण जाणे,’’ असं ती म्हणायची, आणि मी पाणी प्यायला उठायचो. मागच्या वर्षी तिचं हृदय फार थकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्यांचं तर आधीच झालं होतं, मधोमध काळं दिसतं, कडेकडेनं थोडंफार. त्या आठवड्यात तिनं मला समोर बसवलं.

‘‘तू तिथं जा. तो गेला तिथं,’’ ती म्हणाली. ‘‘भात ठेव आणि कावळा शिवेपर्यंत थांब. मला फोनवर दाखव. दर्भाचा नको ह्या वेळी. खरा कावळा शिवलेला बघितला की मी मोकळी.’’

‘‘आई, दोन विमानं बदलून जावं लागतं.’’

‘‘तो गेला नव्हता का?’’

मी रजा टाकली.

आईला न सांगता बॅगेत थोडा दर्भ घेतला होता. म्हटलं, असू दे, वेळप्रसंग. ग्वायाकीलच्या विमानतळावर कस्टमच्या बाईनं तो बाहेर काढला, वास घेतला, दोन बोटांत चुरगाळून पाहिला आणि हे काय, असं विचारलं. मी म्हणालो, गवत. तिच्या भुवया वर गेल्या. मग मी घाईघाईनं म्हणालो, देवाचं गवत, आणि प्रकरण आणखीच चिघळलं. तिनं वरिष्ठाला बोलावलं. त्यानं शांतपणे समजावलं की बाहेरची वाळलेली वनस्पती देशात आणता येत नाही, आणि दर्भ एका निळ्या डब्यात टाकला. भाजलेल्या काळ्या तिळाची पुडी मात्र परत दिली. आईचं ऐकलं नाही की असं होतं, असं माझ्या मनात आलं.

पहिले दोन दिवस मी खरोखरच पर्यटक होतो. हवा आपल्या कोकणातली, अंगाला चिकटणारी. दोहाच्या कोरड्या एसीत वाळलेलं माझं नाक पहिल्यांदा मोकळं झालं. चर्चसमोर एक बाग आहे, तिथं झाडाझाडावरून हातभर लांबीचे इग्वाना लोंबकळत असतात आणि माणसं बाकावर बसून त्यांना लेट्यूसची पानं चारतात. माझ्या शेजारच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होता, त्याच्या बुटावर इग्वाना झोपला होता आणि तो पान उलटताना पाय हलणार नाही ह्याची काळजी घेत होता. मी फोटो काढून मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘सो कूल बाबा. काका मस्ट हॅव सीन धिस.’ ती सहज लिहून गेली. मी बाकावरून उठलो.

काकानं हे पाहिलं असेल का, हा प्रश्न मग त्या शहरात पायाला चिकटला. त्याचं जहाज तिथं चार दिवस होतं. त्यानं ह्या गाड्यावरचं माशाचं सूप प्यायलं असेल का? ह्या झाडाखाली उभं राहून आईला फोन लावला असेल का? शहराच्या टोकाला एक टेकडी आहे, रंगीत घरांची, वर दीपगृह, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आकडा लिहिलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं चढत होतो. पन्नास-साठ पायऱ्यांवर एक पाठमोरा माणूस दिसला. आखूड मान, डावा खांदा किंचित वर, आणि टाचा न उचलता चढण्याची तीच पद्धत. मी हाक मारली नाही, तेवढं भान होतं, पण त्याच्या मागे निघालो. तो भराभर चढत होता. दोनशे दहा, दोनशे चाळीस, मला धाप लागली, आकडे पुसट व्हायला लागले. तीनशेच्या आसपास एका निळ्या घराच्या दाराशी तो थांबला, किल्ली काढली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. पन्नाशीचा, मिशीवाला, भलताच कुणीतरी. ‘‘बुएनोस दियास,’’ म्हणाला, आणि आत गेला. मी त्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. खाली उतरणारं एक पर्यटक जोडपं माझ्यासाठी बाजूला सरलं आणि जिना फार उंच आहे, असं काहीतरी सहानुभूतीनं बोललं.

त्या पायरीवरून नदी दिसते. आपल्याकडच्या नदीला एक दिशा असते. ही नदी समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर उलटते. सकाळी मी काठावरून पाहिलं होतं तेव्हा जलपर्णीची मोठी मोठी बेटं समुद्राकडे वाहत चालली होती. आता दुपार होत आली होती आणि तशीच बेटं समुद्राकडून वर शहराकडे येत होती. एका बेटावर पांढरा बगळा उभा होता. मी फार वेळ प्रत्येक बेट निरखून बघत होतो. सहा वर्षांनी काय दिसणार होतं, असं तुम्ही विचाराल. मी ते स्वतःला विचारलं नाही, बघत राहिलो.

खरा घोळ त्या दुपारी कळला. हॉटेलच्या काउंटरवरची बाई इंग्रजी बोलायची आणि मला उगाचच मुलासारखं जपायची, संध्याकाळी सहानंतर बाहेर पडू नका म्हणून रोज बजावायची. त्याच्या पुढच्या सकाळी नदीच्या मुखाकडे, मासेमारांच्या वस्तीत न्यायला तिनं एक म्हातारा टॅक्सीवाला ठरवून दिला. तिला मी विचारलं, तिथं कावळे कितीला येतात? तिला शब्द कळला नाही. मी फोनवर चित्र दाखवलं. ती हसली.

‘‘हा पक्षी सिनेमात असतो,’’ ती म्हणाली. ‘‘इथं नाही.’’

‘‘इथं म्हणजे शहरात?’’

‘‘मी कुठंच पाहिला नाही.’’

मी खोलीत जाऊन शोधलं. अख्ख्या दक्षिण अमेरिका खंडात कावळा नाही. ब्राझीलमध्ये नाही, चिलीत नाही, कुठंच नाही. मी तेच वाक्य चार ठिकाणी वाचलं. व्हिसा काढला, लशी टोचून घेतल्या, हवामान पाहिलं, विजेच्या प्लगचा आकार पाहिला, भात करायला पिटुकला कुकर घेतला, तीळ भाजून घेतले. जिथं निघालो तिथं कावळा आहे का, हे मी पाहिलं नाही. बायकोनं पाहिलं नाही. नाशिकच्या गुरुजींना फोन केला होता, त्यांनाही सुचलं नाही. कावळा कुठं नसतो? माणूस मरतो तिथं कावळा असतोच, असं आम्ही धरून चाललो होतो, सूर्य असतो तसं. मी पलंगावर बसून आधी हसलो. मग माझ्या अंगावर काटा आला. तो सहा वर्षं अशा जागी होता जिथं कुणी काही ठेवलं तरी न्यायला यायला कुणी नव्हतं.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, ‘‘आईंना काय दिसतंय? काळं काही हललं तरी पुरे आहे. आला म्हणा. त्यांच्या जिवाला शांतता मिळू दे.’’ काही चूक नव्हतं तिचं. मीही हो म्हणालो.

सकाळी टॅक्सी तासभर चालली. केळीच्या बागा, मग खारफुटी, मग माशांचा वास. लाकडी धक्का होता, त्याला तीन-चार होड्या बांधलेल्या. पलीकडे पाणी इतकं रुंद की समोरचा काठ म्हणजे नुसती रेघ, आणि मध्ये दोन जहाजं नांगर टाकून उभी. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. धक्क्याच्या टोकाला केळीच्या पानावर पिंड ठेवला, तीळ घातले, पाणी सोडलं. पाठ केलेले दोन मंत्र म्हटले, तेही चुकत माकत. मग फोन एका खांबाला टेकवून लावला.

कतारमध्ये साध्या ॲपवरचे व्हिडिओ कॉल नीट लागत नाहीत, म्हणून आम्ही गल्फवाले घरगुती बोलणीसुद्धा ऑफिसच्या मीटिंगच्या ॲपवर करतो. स्क्रीनवर आलं, ‘वेटिंग फॉर अदर्स टु जॉइन’. मी एकटाच त्या चौकोनात दिसत होतो, मागे पाणी. मग तिकडचा चौकोन उघडला. दोहात संध्याकाळचे पाच वाजले होते. आई ठेवणीतलं लुगडं नेसून सोफ्यावर बसली होती, हातात जपमाळ. मुलगी तिच्या डोळ्यांपाशी फोन धरून होती आणि बायको मागे उभी.

‘‘दिसतंय का आजी? धिस इज द रिव्हर. दॅट व्हाइट थिंग इज द राइस.’’

‘‘पांढरं दिसतं,’’ आई म्हणाली. ‘‘थांबूया.’’

आम्ही थांबलो. वीस मिनिटं झाली. पेलिकन येऊन होडीवर बसले, त्यांना भातात रस नव्हता. टॅक्सीवाला म्हातारा लांबून बघत होता. त्याला काय कळलं कोण जाणे, पण मी कशाची तरी वाट बघतोय आणि ते येत नाही एवढं त्याला कळलं. तो उठला, एका होडीतून माशाचं डोकं उचलून आणलं आणि मदत म्हणून पिंडाशेजारी ठेवायला वाकला. मी ‘नो, नो’ करत धावलो. त्यानं बिचाऱ्यानं क्षमा मागितली आणि ते डोकं धक्क्याच्या कडेला टाकलं. तेवढं पुरे झालं. वस्तीच्या छपरावरून एक मोठा काळा पक्षी उतरला. ‘‘गायिनासो,’’ म्हातारा समाधानानं म्हणाला. गिधाड होतं. काळंभोर, डोक्यावर पीस नाही, मान करडी, सुरकुतलेली. ते माशाच्या डोक्याकडे गेलं नाही. उड्या मारत पिंडाच्या दिशेनं आलं आणि दोन हातांवर थांबलं.

‘‘काहीतरी काळं हललं,’’ आई म्हणाली. तिचा आवाज चढला. ‘‘आला का रे? आला का?’’

‘‘आजी, देअर इज समथिंग! बाबा, इज दॅट इट?’’

बायको माझ्याकडे बघत होती. ‘हो’ म्हणायचं होतं, एकच अक्षर. आईनं दोन्ही हात जोडले होते आणि जपमाळ मांडीवर पडली होती. ते हात बघितले आणि माझ्यानं होईना.

‘‘नाही, आई. हा कावळा नाही. गिधाड आहे.’’

‘‘मग हाकल त्याला. कावळा येऊ दे.’’

‘‘कावळे इथं नसतातच. ह्या सगळ्या मुलखात कुठं नाहीत. मला काल कळलं.’’

तिनं हात हळूहळू खाली घेतले. बायकोनं कपाळाला हात लावला.

‘‘मग सहा वर्षं तो तिथं काय करत असेल रे?’’ आईनं विचारलं.

आणि मग मी बोललो. आईशी नाही, भाताकडे बघून बोललो, पण मोठ्यानं, सहा वर्षांपूर्वी घाटावर बोलायला हवं होतं तसं. ‘‘तू मला समैस्माला सांगितलं होतंस. भीती वाटते म्हणालास. राहू का म्हणालास. मी हसलो. तुझ्या भल्याचं म्हणून नाही पाठवलं तुला, मला माझी खोली हवी होती. राहा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. माझं चुकलं. माझं चुकलं रे.’’ मी गुडघ्यांवर होतो आणि हे माझी मुलगी ऐकत होती. मध्ये केव्हातरी गिधाड उडून गेलं होतं. पिंड तसाच होता.

आता आई फोन ठेवायला सांगेल असं मला वाटलं. मला शाप दिला असता तरी चाललं असतं. ती म्हणाली, ‘‘मला ठाऊक आहे.’’

‘‘काय ठाऊक आहे?’’

‘‘त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं मला फोन केला होता. दादा जा म्हणतोय, म्हणाला. मी काय करू, म्हणाला.’’ तिनं मांडीवरची माळ उचलली. ‘‘तेव्हा त्याला मुली सांगून येत होत्या. बोटीवर इंजिनिअर आहे म्हणून येत होत्या. मी म्हटलं, लग्न होईपर्यंत तरी टिकव बाबा नोकरी. एवढी कळ काढ. दादा म्हणतोय ना, मग जा. मी सांगितलं म्हणून गेला तो. तुझं त्यानं ऐकलं नसतं.’’

‘‘आई...’’

‘‘घाटावर मी काय बोलले? तुझ्या वस्तू जपीन म्हणाले. वस्तू!’’ ती एकदम चिडून म्हणाली, स्वतःवरच. ‘‘त्या कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं होतं. मला वाटायचं, माझ्यामुळं शिवत नाही. तुला कसं सांगू? तू म्हणाला असतास, आईनंच घालवला त्याला.’’

सहा वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवत होतो. ती बाल्कनीत घास ठेवायची आणि मी पाणी प्यायला उठायचो. मला तिच्याकडून क्षमा हवी होती आणि तिला माझ्याकडून, आणि आम्ही दोघं एका पक्ष्याच्या भरवशावर बसलो होतो. मी तिला म्हणालो, ‘‘तुझं काही चुकलं नाही.’’ ती म्हणाली, ‘‘तुझंही नाही.’’ दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यांवर दिसत होतं. पण ते बोलून झालं होतं.

आईनं पदरानं तोंड पुसलं. ‘‘आता कुणाची वाट बघू नकोस,’’ ती म्हणाली. ‘‘सोड तो भात पाण्यात.’’

मी फोन एका हातात घेतला, दुसऱ्यात पान, आणि धक्क्याच्या ओल्या पायऱ्या उतरून पाण्याशी वाकलो. पान बुडेपर्यंत हात खाली धरला. भात विस्कटला, थोडा वेळ पांढरा दिसला, मग गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. मी हात तसाच ठेवून होतो.

‘‘पाणी गार आहे का रे?’’ आईनं विचारलं.

‘‘नाही, आई. कोमट आहे.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. हात आहे माझा पाण्यात.’’

‘‘आत्ता ऊन असेल म्हणून असेल. तो पडला तेव्हा सकाळ होती.’’

‘‘आत्ता इथं सकाळच आहे, आई,’’ मी म्हणालो.